तारेंतील घरघर

संगणकाला स्पीकर जोडावे, आवडत्या गायकाची ध्वनिमुद्रिका लावावी, आणि आलापाच्या पाठीमागून एक अखंड घरघर ऐकूं यावी, हा प्रसंग आज अनेक घरांत घडतो. गृहस्थ प्रथम आवाज वाढवून पाहतो. बहुधा घरघरहि वाढते. मग स्पीकरच वाईट असें ठरवून तो दुसरे विकत आणतो, आणि नव्या स्पीकरांतून जुनीच घरघर ऐकत बसतो. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार होय. कारण दोष पुष्कळदां स्पीकरांत नसून तारांच्या मांडणींत असतो. ही गोष्ट मनुष्याच्या प्रथम ध्यानीं आली ती संगणकामुळें नव्हे, तर टेलिफोनमुळें. आणि ती अंगीं बाणण्यास मोठी किंमत मोजावी लागली.

१८७६ सालीं अमेरिकेंत ग्रॅहॅम बेल यानें टेलिफोनचें पेटंट घेतलें, तेव्हां तारायंत्राची व्यवस्था पूर्वीपासून चालू होती. तारायंत्राची रीत अशी कीं, प्रवाह जाण्यास लोखंडाची एकच तार, आणि परत येण्यास धरणीमाता! यांत निम्मी तार वांचे, आणि तारायंत्राला केवळ टकटक ऐकावयाची असल्यामुळें बारीकसारीक उपद्रवाची त्याला क्षिति नसे. टेलिफोननें हीच रीत उचलली; परंतु त्याचा कान फार तिखट होता. बेलचा सहकारी थॉमस वॉटसन हा रात्रीच्या निवांत वेळीं तारेला कान लावून बसे. तेव्हां त्याला तडतड, खरखर, क्वचित् पक्ष्यांच्या किलबिलीसारखेहि नाद ऐकूं येत. ते सूर्यावरील स्फोटांमुळें उठत असावेत, किंवा दुसऱ्या एखाद्या ग्रहावरून येत असावेत, असाहि तर्क त्यानें केला. पुढें तारांचें जाळें वाढलें, आणि एकाच्या तारेंत शेजारच्या तारेवरील संभाषणहि ऐकूं येऊं लागलें.

यावरील उपाय बेलनेंच १८८१ सालच्या एका पेटंटांत सांगितला. जाण्यायेण्याला दोन सारख्या तारा घ्याव्या, आणि त्या एकमेकींजवळ ठेवून पीळ देऊन न्याव्या. एकाच पावसांतून दोन भाऊ चालले तर दोघेहि सारखेच भिजतात. त्याप्रमाणें बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो. ऐकण्याचें यंत्र दोन तारांमधील फरकच तेवढा ओळखतें. सबब उपद्रव परस्पर वजा होतो आणि भाषण मात्र शिल्लक राहतें. याच सुमारास, १८८० सालीं, इंग्लंडांत ऑलिव्हर हेविसाइड यानें एका तारेभोंवतीं दुसऱ्या वाहकाचें वेष्टण घालण्याची युक्ति पेटंट करून ठेवली होती.

उपाय हातीं होता; परंतु तार दुप्पट लागणार, खर्च दुप्पट येणार, म्हणून कंपन्या चालढकल करीत राहिल्या. इतक्यांत १८८८ सालीं फ्रँक स्प्रेग यानें रिचमंड शहरांत विजेच्या ट्रामगाड्या यशस्वी रीतीनें चालविल्या, आणि हां हां म्हणतां अमेरिकेंतील इतर शहरांनीं त्यांचें अनुकरण केलें. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेनें येई आणि रुळांतून व जमिनींतून परत जाई. ज्या जमिनीवर टेलिफोननें भिस्त ठेवली होती, तिच्यांतच हा प्रचंड प्रवाह शिरला. टेलिफोनमधून माणसाच्या शब्दांऐवजीं गाड्यांची घरघर ऐकूं येऊं लागली. कंपन्या न्यायालयांत गेल्या. सिनसिनाटी येथील दाव्यांत ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें १८९१ सालीं निकाल ट्रामच्या बाजूनें दिला. भूमि कोणा एकाची मिरास नव्हे, हा त्याचा मथितार्थ होता. जो खर्च वांचविला म्हणून समाधान मानलें, तोच अखेर करावा लागला, आणि वर दाव्यांचा खर्च पदरीं आला. दुहेरी तारांचें युग अशा रीतीनें सुरू झालें. मुंबईंत टेलिफोनचें एक्स्चेंज १८८२ सालीं निघालें, आणि विजेची ट्राम १९०७ सालीं आली.

पुढें रेडिओ आला. आरंभीं तो बॅटरीवर चाले. १९२५ सालीं कॅनडांतील एडवर्ड रॉजर्स यानें घरच्या विजेवर चालणारा संच विक्रीस आणला. बॅटरीची कटकट गेली, पण विजेची गुणगुण रेडिओंत शिरण्याची वाट मोकळी झाली. घरच्या विजेचा प्रवाह सतत दिशा बदलतो. त्याचीं आपल्या देशांत सेकंदाला ५० आवर्तनें होतात. तो सरळ करतांना कसर राहिली, तर खर्जांतील अखंड घूंकार उमटतो.

घरघरीचा माग काढणाऱ्यांत कार्ल जान्स्कीचें नांव विशेष स्मरणीय आहे. समुद्रापलीकडील बिनतारी संभाषणांत खरखर कोठून येते, याचा शोध घेण्यास बेल टेलिफोन प्रयोगशाळेनें त्यास नेमलें. न्यू जर्सींतील होल्मडेल येथें त्यानें मोटारीच्या चाकांवर फिरणारें एरिअल उभारलें. जवळचीं वादळें आणि दूरचीं वादळें यांची खरखर त्यानें वेगळी काढली. तरी एक मंद फुसफूस उरलीच. ती २३ तास ५६ मिनिटांनीं जोर धरी, म्हणजे सूर्याच्या नव्हे, ताऱ्यांच्या दिवसाप्रमाणें चाले. ती आकाशगंगेंतून, धनु राशीच्या दिशेनें येत आहे, हें त्यानें १९३३ सालीं प्रसिद्ध केलें. रेडिओ-खगोलशास्त्राचा जन्म असा एका तक्रारीच्या तपासांतून झाला. जान्स्कीनें आवाज दडपला नाहीं. तो कोठून येतो, हें आधीं विचारलें.

संगणकाच्या स्पीकरांपुढेंहि हाच प्रश्न विचारावयाचा असतो. त्यांच्या साध्या तारेंत बेलच्या दोन सारख्या तारा नसतात. मध्यें एक तार आणि तिच्याभोंवतीं जाळी असते, व परतीचा प्रवाह त्या जाळींतूनच जातो. संगणक एका भिंतीच्या प्लगावर आणि ध्वनिवर्धक दुसऱ्या भिंतीच्या प्लगावर असला, व दोघांचेंहि अर्थिंग निराळ्या वाटेनें गेलें, तर अर्थिंग आणि जाळी मिळून एक वर्तुळ बनतें. त्यांतून विजेचा चोरटा प्रवाह खेळतो आणि गाण्यांत मिसळतो. रिचमंडची ट्रामच जणूं घरांत शिरते!

तपास क्रमानें करावा. संगणकाकडील तार स्पीकरांतून काढावी. तरीहि घरघर चालूच राहिली, तर दोष स्पीकरांत किंवा त्यांच्या वीजपुरवठ्यांत आहे. ती थांबली, तर उपद्रव तारेच्या वाटेनें येतो. संगणक मांडीवरचा असल्यास चार्जर काढून बॅटरीवर चालवावा. घरघर गेली, तर वाट अर्थिंगची किंवा चार्जरची. मग दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावर लावावीं, आणि तेवढ्यानें न भागल्यास तारेंत लहानसा विलगक ट्रान्सफॉर्मर घालावा. घरघर घालविण्यासाठीं अर्थिंगची पिन मात्र कदापि तोडूं नये. तिच्यावर जीव अवलंबून असतो. थांबून थांबून टरटर आवाज येत असेल, तर जवळचा मोबाइल दूर ठेवून पाहावा. जुन्या जीएसएम पद्धतीचा फोन सेकंदाला सुमारें २१७ झटक्यांनीं लहरी सोडतो, आणि स्पीकरची तार एरिअल बनून त्या झेलते.

टेलिफोनच्या कंपन्यांनीं दुसरी तार वांचविली आणि ती पुढें न्यायालयाच्या पायऱ्या चढून विकत घेतली. जो गृहस्थ दुकानाची वाट धरण्यापूर्वीं एक तार काढून पाहतो, तो पुष्कळदां पैसे वांचवितो, आणि त्याचें गाणें त्याला निर्मळ परत मिळतें.