प्लेगची साथ (१८९६–९८) : मुंबई-पुण्यातील उपाययोजना आणि लोकांचा विश्वास

मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये गाठीच्या तापाचे रोगी आढळले. हा प्लेग आहे, असे निदान मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगास यांनी केले. पुढच्या काही महिन्यांत शहराची सुमारे निम्मी वस्ती गावोगावी पांगली. शास्त्रीय उपाय आणि लोकांचा विश्वास यांचे नाते कसे जुळते व कसे तुटते, हे या साथीइतके लख्ख क्वचितच दिसते.

इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे रोग्यांना मारून त्यांच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात, अशा वदंता मुंबईत पसरल्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड इस्पितळावर चालून गेला. या भीतीला अडाणीपणा म्हणून निकालात काढणे अन्यायाचे ठरेल. रोगी बहुधा अगदी शेवटच्या अवस्थेत इस्पितळात पोचत आणि तिथे दगावत. लोक डोळ्यांनी पाहत होते ते एवढेच.

त्याच शहरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकीन ग्रँट मेडिकल कॉलेजातील खोलीत प्लेगवरची लस तयार करत होते. जंतू वाढवण्याच्या रसासाठी त्यांनी गाय व डुक्कर वर्ज्य करून बोकडाचे मांस वापरले आणि रसावर तुपाचे थेंब सोडले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली लस स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील राजी कैद्यांवर चाचणी झाली. पुढे खोजांचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी अनुयायांसमोर लस टोचून घेतली, तेव्हा खोजा समाजातील बरेच लोक पुढे आले.

पुण्यात मात्र बंदुकीचा धाक होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला (महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये कोविडसाठी लागू केला तो हाच). प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी मार्चपासून गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या सुरू केल्या. धर्मभावना जपण्याच्या सूचना कागदावर होत्या. प्रत्यक्षात सोजीर बुटांसह स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, काखेत किंवा जांघेत गाठ आहे का हे पाहण्यासाठी बायकांनाही चारचौघांत तपासत, जमीन खणत, अंथरूण-पांघरूण जाळत. परिणामी लोक रोगी माळ्यावर लपवू लागले आणि मृत्यू दडवू लागले, म्हणजे साथ रोखायला जी माहिती हवी तीच हातची गेली. लोकमान्य टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभारले आणि ‘केसरी’तून जुलमावर कोरडे ओढले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच, तर रँड ३ जुलैला मरण पावले.

पुण्याजवळच सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे आल्या. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. विलगीकरण इथेही होतेच, पण रोग्याला आणणारे हात ओळखीचे होते.

सरकारचे ज्ञानही तेव्हा अपुरेच होते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले, पण तज्ज्ञांनी ते मानायला आणखी काही वर्षे गेली. मोऱ्या धुण्यापेक्षा आणि सामान जाळण्यापेक्षा, उंदीर पडताच घर सोडून शिवारात झोपडी घालण्याची लोकांची रीत अधिक उपयोगी होती.

लसीवरचा विश्वासही पुढे डळमळला. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला आणि ठपका हाफकीन यांच्यावर आला. बाटली गावात उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरल्याचा मुद्दा नंतर पुढे आला. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये हाफकीन दोषमुक्त झाले. त्यांनी सुरू केलेल्या परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये.