दाराशी येणारी माणसे

माझी आत्या इंदापुरात राहते. वय ८६. भीमाकाठचे तिच्या सासरचे गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेले, तेव्हा ती इंदापुरात आली ती कायमचीच. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले. मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला. त्यांनी तिच्या शुश्रूषेसाठी रोज दोन तास घरी येणारी बाई लावली. महिन्याभराने मी भेटायला गेलो आणि विचारले, ''बाई नीट करते ना गं सगळं?'' आत्या म्हणाली, ''करती की. आंघोळ घालती, गोळ्या देती, साखरेचं इंजेक्शन देती. समदं करती. पण बसत न्हाई.''

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. राजे, लढाया, तह मुलांकडून पाठ करून घेतले. पण म्हाताऱ्या माणसाच्या दाराशी कोण येत होते, याचाही एक इतिहास असतो, हे मला आत्याच्या त्या दोन शब्दांनी सुचवले.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बलुतेदारीची रीत त्यात तपशिलाने आली आहे. सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा आणि वर्षभर काम करायचे, असा तो व्यवहार. न्हावी ओसरीवर येऊन आजोबांची हजामत करी, गुरव बेलाची पाने देऊन जाई, परीट धुणे न्यायला येई. कामाबरोबर खबरबातही येई. कोणाची गाय व्याली, कोणाची सोयरीक मोडली, हे ओसरीवरच्या म्हाताऱ्याला जागेवर कळे.

पण हे चित्र गोड करून सांगणे बरे नव्हे. येणारा मायेने येत नव्हता, जातीच्या बंधनाने येत होता. त्याला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. तो स्वतः थकला की त्याच्या दाराशी कोण येत असेल? गावकुसाबाहेरच्या म्हाताऱ्यांची तर कोणी विचारपूसच करीत नव्हते. ती रीत मोडली हे योग्यच झाले. मात्र तिच्याबरोबर रोजची ये-जाही गेली आणि तिच्या जागी दुसरे काय आणायचे, याचा विचार झाला नाही.

त्यानंतरचा हक्काचा पाहुणा म्हणजे पोस्टमन. आपल्याकडे टपालाची मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली. मुंबईच्या गिरणीतला मुलगा पैसे पाठवी आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिही. आईला वाचता येत नसे. पोस्टमन उंबऱ्यावर टेकून त्या वाचून दाखवी, अंगठा घेई, पाणी पिऊन जाई. जुन्या पद्धतीची मनिऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. पैसे खात्यात जमा होऊ लागले. ही सोय मोठीच, पण खाते काही दार वाजवत नाही. २०१८ मध्ये टपाल खात्याची पेमेंट्स बँक सुरू झाली आणि पोस्टमन हातात यंत्र घेऊन पुन्हा दाराशी आला. आता अडचण एवढीच, की कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला कधी कधी उमटत नाही.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट घडली. १९८० मध्ये उजनीचे काम पुरे झाले. पळसदेवसारखी गावे मूळ जागेवरून उठली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, की पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते आणि लोक ते बघायला गर्दी करतात. देऊळ वर येते, आळी वर येत नाही. आत्याच्या गावात भिंतीला भिंत लागून घरे होती. चुलीवर काय शिजते, हे वासावरून पलीकडे कळे. गाव उठल्यावर कोणी इकडे गेले, कोणी तिकडे. धरणाच्या कागदावर घर, जमीन, झाडे मोजली जातात. शेजार मोजला जात नाही.

घरी जाऊन शुश्रूषा करण्याची पद्धतही जुनीच आहे. १८५९ मध्ये इंग्लंडात लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन यांची पत्नी आजारपणात वारली. तिची सेवा केलेल्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेलाच त्यांनी गरिबांच्या घरोघरी जाण्यासाठी नेमले. घरोघरच्या परिचारिकांची चळवळ तिथून वाढली. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभे केले. तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. भीमेपलीकडे जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून खेड्यातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पण गावोगावच्या अशा फेऱ्यांत प्रामुख्याने बाळंतीण आणि मूल असे. पुढे २००५ पासूनच्या अभियानातून आलेल्या आशाताईंचेही मुख्य काम तेच. म्हातारा घरात असे, पण वहीत नसे. वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम आला तो २०१०च्या सुमारास.

तोवर म्हाताऱ्यांचे सगळे कोण करीत होते? सुना आणि लेकी. त्या सेवेला आपण 'संस्कार' म्हटले आणि हिशेबात धरले नाही. आईवडिलांच्या पोटगीचा कायदा २००७ मध्ये झाला. कायदा मुलाकडून पैसे देववू शकतो, संध्याकाळच्या गप्पा देववू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५च्या अहवालात सांगितले, की जगात सहांपैकी एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे. म्हणजे 'बसत न्हाई' ही तक्रार काही एकट्या इंदापूरची नाही.

मी आत्याकडे येणाऱ्या बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, ''काका, मला पुढं अजून तीन घरं हायेत. इथं बसले तर तिथली आजी उपाशी राहती. अन् माझी सासू घरी एकटीच असती.'' मला माझीच लाज वाटली. बसायला मन लागते हे खरे, पण वेळही लागतो, आणि वेळेचे पैसे आम्ही दिलेच नव्हते. भावाशी बोललो. त्या दिवसापासून अर्धा तास वाढवला आणि त्याची मजुरी ठरवली. काम एकच: बसायचे. कधी गवार मोडता मोडता बोलतात, कधी बाई आत्याला तिच्या जुन्या शेजारणीला फोन लावून देतात.

या आषाढात तुकोबांची पालखी इंदापुरात आली, तेव्हा बाईंनी सासूला बोलावून घेतले, आत्याला चाकाच्या खुर्चीत बसवले आणि दोघींना रस्त्याच्या कडेला नेले. दोन वर्षांत आत्या पहिल्यांदाच दाराबाहेर पडली. दोघी म्हाताऱ्या दुपारभर वारकऱ्यांना शेंगदाण्याचे लाडू वाटत होत्या. रात्री आत्याचा फोन आला. अर्धा तास बोलली. त्यात खुब्याचे दुखणे एकदाही निघाले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)