बिडाच्या मॅनिफोल्डची न दिसणारी कामे

अमेरिकेत पिकअप ट्रकचा, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या ट्रकचा, मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून त्याजागी बाजारात मिळणारा हेडर बसवण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत रुजली आणि तिच्यासोबत एक तक्रारही रुजली. हेडर बसवल्यावर आवाज भरदार होतो, परंतु गाडी उभी असताना इंजिन थरथरते आणि ‘मिसिंग’ मारते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधले मिश्रण पेटत नाही किंवा अर्धवट जळते. या तक्रारीचा इतिहास तपासला असता दोष हेडरच्या नळ्यांत क्वचितच आढळतो. काढून टाकलेला मॅनिफोल्ड मुकाट्याने जी कामे करीत होता, ती बंद पडल्याचाच तो बहुधा परिणाम असतो.

मॅनिफोल्ड हा बिडाचा ओतीव भाग सिलिंडरांतून निघणारा जळका वायू एकत्र करून सायलेन्सरच्या पाइपात सोडतो. तो जाड, टिकाऊ आणि स्वस्त असला, तरी त्याच्या अरुंद पोकळीत एका सिलिंडरचा वायू दुसऱ्याच्या वाटेत येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला पोलादाची स्वतंत्र नळी असते, या नळ्या पुढे एका तोंडाशी मिळतात आणि त्यांची लांबी योग्य असल्यास पुढे गेलेल्या वायूच्या मागे निर्माण होणारा कमी दाब पुढच्या सिलिंडरला रिकामे होण्यास मदत करतो.

या कल्पनेला लोकाश्रय मिळाला तो दक्षिण कॅलिफोर्नियात. फोर्डने १९३२ मध्ये सामान्य ग्राहकाला परवडणारे व्ही-८ इंजिन आणले आणि म्युरॉक, एल मिराज यांसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर तरुण मंडळी त्याच्या शर्यती लावू लागली. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. गंमत अशी की या इंजिनात प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांना वायू सोडण्याची तीनच तोंडे होती, कारण मधल्या दोन सिलिंडरांची वाट ठोकळ्याच्या आतच एक होत असे, त्यामुळे कितीही कुशल वेल्डर असला तरी चार स्वतंत्र नळ्या जोडणे शक्य नव्हते. १९५५ च्या शेव्हरोले व्ही-८ मध्ये ही अडचण उरली नाही, पण दुसरी होती. त्याचा पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा असून विषम क्रमांकांचे सिलिंडर डावीकडे आहेत, म्हणून डाव्या बाजूला पाचवा आणि सातवा सिलिंडर लागोपाठ, केवळ ९० अंशांच्या अंतराने पेटतात, तर पहिल्यानंतर तिसऱ्याची पाळी २७० अंशांनी येते. बिडाच्या पोकळीतील ही गर्दी हेडर मोकळी करतो, आणि याच इंजिनाने हेडरचा धंदा भरभराटीला आणला.

कार्बुरेटरच्या काळात मॅनिफोल्डचे मोठे काम उष्णता पुरवण्याचे होते. त्याच्या तोंडाशी बसवलेली एक झडप इंजिन थंड असताना मिटे आणि गरम वायू कार्बुरेटरखालच्या वाटेने वळवून पेट्रोलची वाफ होण्यास मदत करी. थंड इंजिनाला हवा कमी देणारी चोकची झडप आपोआप उघडणाऱ्या धातूच्या गुंडाळीलाही मॅनिफोल्डवरूनच ऊब मिळे. हेडर लावताच ही झडप गेली, चोकची ऊब गेली आणि सकाळी इंजिन अडखळू लागले, किंवा चोक अर्धवट मिटलेला राहून प्लग काळे पडू लागले. त्यावर हाताने किंवा विजेवर चालणारा चोक आणि प्लगचा रंग पाहून बदललेला जेट, म्हणजे कार्बुरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र, हे उपाय रूढ झाले.

काही दोष मात्र सर्वच काळांत सारखे राहिले. हेडर इंजिनाला जोडणारी पातळ पट्टी, म्हणजे फ्लँज, तापून वाकते, बोल्ट ढिले पडतात आणि पॅकिंग फुटते. अशा वेळी थंड इंजिनात ‘टिक टिक’ आवाज येतो, तो धातू तापून फुगल्यावर विरतो आणि फ्लँजच्या कडेला काजळीची बारीक रेघ उमटते. नळी प्लगच्या वायरला टेकल्यास वायरचे रबर करपते, आणि रात्री दिवे मालवून बॉनेट उघडले तर तिथून नळीवर उडणारी ठिणगी डोळ्यांना दिसते. पेटत नसलेल्या सिलिंडरची नळी इतरांपेक्षा थंड राहते. इंजिन सुरू झाल्याबरोबर प्रत्येक नळीवर पाण्याचा शिडकावा केला, तर त्या थंड नळीवरचे थेंब चुरचुरत नाहीत.

खरी गुंतागुंत प्रदूषणाच्या कायद्यांनी आणली. १९७० च्या क्लीन एअर अ‍ॅक्टनंतर एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, आणि १९८० च्या दशकात ऑक्सिजन सेन्सर सर्रास झाला. हा सेन्सर जळक्या वायूतील प्राणवायूची बाहेरच्या हवेशी तुलना करून विजेचा दाब दाखवतो आणि त्यावरून इंजिनाचा संगणक एका भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण सांभाळतो. आता फुटक्या पॅकिंगचा परिणामच बदलला. वायूच्या दोन ठोक्यांमध्ये दाब उतरला की त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला प्राणवायू अधिक दिसतो, संगणक मिश्रण हलके, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, समजून पेट्रोल वाढवतो आणि मुळात योग्य चाललेले इंजिन जड मिश्रणाने गुदमरते. शिवाय सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसखाली भरवशाचा नसतो. जुन्या एका वायरीच्या सेन्सरला स्वतःचा हीटर नव्हता, त्यामुळे तो बिडाच्या तप्त अंगावरून हेडरच्या खालच्या टोकाशी गेला की गाडी उभी असताना थंड पडे आणि संगणक अंदाजाने पेट्रोल सोडू लागे. हीटर असलेला सेन्सर बसवणे हाच त्यावरचा खात्रीचा इलाज ठरला.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारी आणि हलक्या ट्रकना ओबीडी-२ ही स्वयंतपासणीची व्यवस्था सक्तीची झाली, त्यामुळे मिसिंगची नोंद आता कोडच्या रूपाने मिळते. तो कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. म्हणून हेडर बसवल्यावर इंजिन बिघडले तर नवा सेन्सर किंवा संगणक विकत घेण्याआधी थंड इंजिनाच्या फ्लँजवर टॉर्च धरून काजळीची रेघ शोधावी, बोल्ट पुन्हा आवळावेत आणि प्लगची प्रत्येक वायर नळीपासून दूर आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे.