स्वल्पविरामाचे कूळ

एक्सेलच्या तक्त्यात तेलंगणातल्या 'मंचेरियल'चे नाव देवनागरीत लिहा आणि 'सेव्ह ॲज'मध्ये साधा सीएसव्ही निवडा. फाइल बंद करून पुन्हा उघडली की बहुतेक विंडोज संगणकांवर गावाच्या जागी आठ प्रश्नचिन्हे दिसतात. म, अनुस्वार, च, मात्रा, र, वेलांटी, य, ल या प्रत्येकामागे एक. अक्षरे लपलेली नसतात, पुसली गेलेली असतात. मराठी, तेलुगू आणि उर्दू नावे एकाच यादीत येणाऱ्या या मुलखात हे नुकसान लहान नाही.

सीएसव्हीचा, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या फाइलीचा, जन्म पंचकार्डांच्या काळातला. कार्डावर 80 रकाने असत आणि प्रत्येक आकडा नेमून दिलेल्या रकान्यातच पडावा लागे. एक घर चुकले की सगळा हिशेब सरकायचा. 1972 मध्ये आयबीएमच्या फोरट्रानने आकड्यांमध्ये स्वल्पविराम घातला तरी चालेल अशी सोय केली आणि घरे मोजायचे काम सुटले. पुढे कित्येक वर्षे या रीतीला लेखी नियम नव्हता. आरएफसी 4180 हा दस्तऐवज आला तो थेट ऑक्टोबर 2005 मध्ये. आपल्याकडची रक्कम, समजा 1,25,000, अवतरणचिन्हांशिवाय सीएसव्हीत गेली तर एकाचे तीन रकाने होतात.

दुसरे घराणे वहीचे. 1979 मध्ये ॲपल टू संगणकावर व्हिजिकॅल्क आले, 1983 मध्ये लोटस 1-2-3. त्यांच्या फाइलीत आकड्यांबरोबर सूत्रेही राहू लागली. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएसमध्ये एका पानावर 65,536 ओळीच मावत, 2007 च्या एक्सएलएसएक्समध्ये 10,48,576. ही मर्यादा किती महागात पडते ते इंग्लंडने 2020 च्या शरदात पाहिले. प्रयोगशाळांकडून आलेली कोविडची माहिती जुन्या एक्सएलएसमध्ये ओतली जात होती. ओळी संपल्यावर उरलेले बाहेर पडले. 15,841 रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळले आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध उशिरा सुरू झाला.

ओडीएस हा खुला नमुना 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरला. एक्सएलएसएक्सचा प्रस्ताव आला तेव्हा भारताने विरोधात मत दिले होते, तरी 2008 मध्ये त्यालाही मान्यता मिळाली. सरकारी कागद कोणा एका कंपनीच्या कुलपात राहू नये ही चिंता मला आजही रास्त वाटते.

माझे मत असे, की मूळ नोंद एक्सएलएसएक्स किंवा ओडीएसमध्ये ठेवावी आणि सीएसव्ही दुसऱ्या यंत्रणेकडे माहिती धाडण्यापुरती काढावी, तीही यूटीएफ-8 निवडून. बँकेच्या यादीबाबत तर जास्तच जपावे. सीएसव्हीवर डबल-क्लिक केले की एक्सेल 16 आकडी खातेक्रमांकाला संख्या समजते, पंधरापर्यंतचे अंक ठेवते आणि सोळाव्याचे शून्य करते. सुरुवातीची शून्येही उडतात. तीच फाइल सेव्ह केली की खरा क्रमांक तिच्यातून परत मिळत नाही. म्हणून ती थेट न उघडता 'डेटा' मेनूतून आत घ्यावी आणि खात्याच्या रकान्याला आधीच 'टेक्स्ट' म्हणून सांगावे.