युद्ध, कोळसा आणि बाईची मजुरी

युद्धकाळात काम करणारी बाई म्हटली की आपल्याला इंग्लंड-अमेरिकेतल्या जहाज कारखान्यांतली बाई आठवते. वणीच्या कोळशाशेजारी राहणाऱ्या आपण यवतमाळकरांनी खाणीतली बाईही आठवायला हवी.

खाणीत जमिनीखाली बायांनी काम करण्यावर १९३७ पासून पूर्ण बंदी होती. युद्धात लष्करी बांधकामांवर जास्त मजुरी मिळू लागली, मजूर खाणी सोडून गेले, कोळसा कमी पडला. म्हणून १९४३ मध्ये सरकारने बंदी उठवली. आपला मध्य प्रांत-वऱ्हाडही त्यात होता. पुरुषाने कोळसा फोडायचा, बाईने टोपलीने टबात भरायचा.

८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात यावर टीका झाली. तेव्हाचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उत्तर दिलं. आणीबाणी म्हणून हे करावं लागलं, पण समान कामाला स्त्री-पुरुषांना समान मजुरी, हे तत्त्व उद्योगात प्रथमच मान्य झालं, असं त्यांचं म्हणणं होतं.

१९४६ मध्ये बंदी परत आली. गरज सरली, दार बंद झालं. २०१९ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, ती बाईच्या लेखी संमतीच्या अटीवर. गरज आणि हक्क यांतला फरक त्या सहीत आहे, असं आम्हाला वाटतं. पण पोटासाठी केलेली सही संमती मानायची का? बघा विचार करून.