निपुत्रिकाचे नाव

स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू आईवडिलांना प्रथम विचारतात ते बाळाचे नाव. आपल्या कित्येक घरांतून ‘एडवर्ड’ असे उत्तर आलेले आहे. हे इंग्लंडचे नाव एकेकाळी इंग्लंडातूनच पुसले जाण्याच्या बेतात होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

प्राचीन इंग्रजीत ‘एआद’ म्हणजे समृद्धी आणि ‘वेआर्द’ म्हणजे राखणदार. इस्पितळातला ‘वॉर्ड’ याच कुळातला शब्द. समृद्धीचा राखणदार तो एडवर्ड.

इ. स. १०४२ मध्ये या नावाचा एक भाविक राजा इंग्लंडच्या गादीवर आला. वेस्टमिन्स्टर येथे त्याने भव्य चर्च उभारले. २८ डिसेंबर १०६५ रोजी त्याचे पवित्रीकरण झाले, तेव्हा राजा अंथरुणाला खिळला होता. ५ जानेवारी १०६६ रोजी त्याने देह ठेवला. त्याला मूलबाळ नव्हते.

त्याच वर्षी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. जेत्यांबरोबर विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड ही नावे आली आणि जित प्रजाही आपल्या मुलांना तीच ठेवू लागली. एथेलरेड, लिओफ्रिक यांसारखी जुनी नावे दीडशे वर्षांत मागे पडली.

एडवर्ड हे नाव तरले ते भक्तीमुळे. ११६१ साली पोप तिसरे अलेक्झांडर यांनी या राजाला संतपद बहाल केले. ‘कन्फेसर’ ही त्याची उपाधी. रक्त न सांडता, जगण्यातून श्रद्धेची साक्ष देणारा, असा तिचा अर्थ. पुढे जेत्यांच्याच वंशातला राजा तिसरा हेन्री या संताचा निस्सीम भक्त झाला. १२३९ साली जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाचे नाव त्याने एडवर्ड ठेवले. त्यानंतर १२७२ ते १३७७ या काळात ओळीने तीन एडवर्ड राजे झाले आणि ते नाव घराघरांत पोहोचले.

मात्र त्याच थोरल्या मुलाने राजा झाल्यावर, १२९० साली, इंग्लंडातील समस्त यहुदी लोकांना देशोधडीला लावले. संताचे नाव लाभले म्हणून संताचे अंतःकरण लाभतेच असे नाही.

प्रिय पालकहो, ज्याला मूल नव्हते त्याचे नाव आज जगभरची मुले मिरवीत आहेत. नाव देणे एका क्षणाचे काम आहे. त्या नावाची राखण करायला मुलाला शिकवणे हे आयुष्यभराचे आहे.