किरणाचे बळ आणि किरणाची निर्मळता

लेझरचा इतिहास बहुधा त्याच्या सामर्थ्याच्या अंगाने सांगितला जातो. मी तो निर्मळतेच्या अंगाने सांगू इच्छितो.

१९६० साली मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर प्रकट केला. पुढे निओडिमियमयुक्त काचेच्या वर्धकांतून किरण बलवान करताना विपरीतच घडू लागले. दीपांच्या उष्णतेने काच भिंगासारखी वागे. प्रखर प्रकाशाने तिचा अपवर्तनांक वाढे, किरणाचे बारीक तंतू होत आणि काच आतून तडके. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील लिव्हरमोर येथे निर्वात नळीतील सूक्ष्म छिद्रातून टप्प्याटप्प्याने किरण गाळला जाऊ लागला. निपाणीकडच्या गुऱ्हाळांत काहिलीतल्या रसाची मळी वारंवार काढतात, तसेच हे. १९८५ साली स्ट्रिकलंड व मूरू यांनी स्पंद आधी लांबवला, मग वाढवला, शेवटी आखूड केला. त्यासाठी २०१८ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

आपल्या देशात १९८४ साली इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसली. संस्थापक-संचालक डॉ. भवालकर यांच्या कारकिर्दीत तेथे असे लेझर देशातच घडले. सीमाभागातील विद्यार्थ्यांपुढे हे यासाठी ठेवतो, की यंत्र विकत मिळेल. किरण निर्मळ राखण्याची विद्या मात्र स्वतःच कमवावी लागते.